पुडीतला रेझिस्टन्स

माझ्या हातचे हेडफोन अॅम्प्लिफायर अजून काही घरांत चालू आहेत. कधीतरी रस्त्यात एखादं जुनं गिऱ्हाईक भेटतं. "मिस्त्री, तुमचा डबा अजून वाजतोय बरं का. काय कान होता तुमचा!" म्हणतं. मी मान हलवतो आणि पुढं सरकतो. आता रस्त्यात उभं राहून खुलासे करत बसायची ताकद राहिलेली नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतो. कान होता, हे खरं आहे. तो कधी गेला ते मात्र मला कळलं नाही, आणि त्या न कळण्यापायी एका भल्या माणसाचं मी नुकसान केलं.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं दुकान होतं. दुकान कसलं, एक शटर, एक टेबल आणि भिंतीला उघडे पडलेले टेपरेकॉर्डर. पोटापाण्याचं काम दुरुस्तीचंच, पण नव्वद सालानंतर मी हेडफोनचे अॅम्प्लिफायर बांधायला लागलो. "कानाला लावायच्या एवढ्याशा वस्तूला हा एवढा डबा कशाला ओ?" हा प्रश्न मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर झोपेतही देईन. चांगला हेडफोन वॉकमनच्या भोकात खुपसला तर नुसता कुरकुरतो. त्याला थोडी ताकद लागते आणि ती अगदी स्वच्छ लागते. स्पीकर दहा फुटांवर असतो. त्याची थोडी गुणगुण खोलीत विरून जाते. हेडफोन कानाला चिकटलेला. ट्रान्सफॉर्मर जरा जरी गुणगुणला तरी डोक्यात माशी शिरल्यासारखं होतं. म्हणून ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळायचो, आणि मनासारखा झाला नाही तर उलगडून पुन्हा गुंडाळायचो. बायको म्हणायची, "सुताराच्या घरात तरी एवढा वेळ लाकडाला देत नसतील."

गिऱ्हाईकंही एकेक नमुने. कोल्हापूरचा माणूस वस्तू आधी उचलून बघतो. गुजरीतल्या एका सोनाराला आवाज पसंत पडला, पण डबा हातात घेऊन म्हणाला, "वजन न्हाई ओ ह्याला. दागिना असा हलका असतोय व्हय?" मग मी उद्यमनगरातून बिडाची एक पट्टी आणली आणि डब्याच्या तळाला स्क्रूनं बसवली. तिचा उपयोग शून्य. सोनार खूष झाला. त्यानंतर मी सगळ्याच डब्यांत पट्टी टाकायला लागलो, आणि लोक म्हणायला लागले की मिस्त्रींच्या मशिनचा आवाज वजनदार आहे.

मलकापूरचे एक वकील दर दोन महिन्यांनी एसटीनं डबा घेऊन यायचे. तक्रार एकच, आवाज येत नाही. मी इथं लावला की झकास वाजायचा. चौथ्या खेपेला त्यांच्या पत्नी बरोबर आल्या होत्या. वकील पान आणायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, ह्यांनी टेपमध्ये कॅसेटच घातलेली नसते. मी बोलायला लागले की कानाला लावतात. मी म्हटलं काय ऐकताय बघू, तर म्हणे बिघडलाय." मी दोघांचीही बाजू घेतली नाही. त्या डब्याचा व्हॉल्यूम, म्हणजे आवाजाचं फिरतं बटण, मात्र आजपर्यंत बदलावा लागलेला नाही.

आता मुद्द्यावर येतो. प्रत्येक डब्यात एक छोटा रेझिस्टन्स असायचा, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा. तो बदलला की वरचे बारीक सूर उजळायचे किंवा दबायचे. तो किती नंबरचा घालायचा हे मी कानानं ठरवायचो. त्यासाठी माझ्याकडं एक कॅसेट होती. मिरजेच्या एका कारागिराच्या घरी बसून मी नुसता तंबोरा भरून आणला होता, गाणं नाही, काही नाही. तंबोऱ्याची तार छेडली की मूळ सुराच्या अंगावर एक बारीक झणकार उमटतो. त्याला जवारी म्हणतात. ती दबली तर तंबोरा मेल्यासारखा वाटतो आणि जास्त झाली तर पत्र्यावर खडे ओतल्यासारखा. मी एकेक रेझिस्टन्स लावून बघायचो आणि जवारी नेमकी बसली की सोल्डरचा डाग द्यायचो. नंबर कुठं लिहून ठेवायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, "वही कशाला? कान हाय की." एवढा माज बरा नव्हता, पण तेव्हा गोड वाटायचा.

आमच्या धंद्यात आणखी एक पद्धत होती. दुरुस्तीत जो भाग काढला तो कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. नवा घातला की जुनाच पुसून ठेवला, असा संशय नको म्हणून. गिऱ्हाईक ती पुडी दुकानाबाहेर पडताच गटारीत टाकायचं. पण द्यायची म्हणजे द्यायची.

शिरोळचे माने आण्णा माझ्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा नुकतेच साखर कारखान्यातून निवृत्त झाले होते. उसाच्या मिलवर फिटर होते. धिप्पाड माणूस आणि आवाज असा की समोरच्या दुकानातले लोक बाहेर येऊन बघायचे. पुतण्यानं परदेशातून एक भारी हेडफोन आणून दिला होता, तो त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणला होता.

"कांबळे मिस्त्री तूच काय? ह्यात मुंगी बोलल्यागत आवाज येतोय बघ. मला गाणं पायजे."

"कसलं गाणं ऐकता आण्णा?"

"खयाल. का? फिटरनं ऐकू न्हाई व्हय?"

मी स्वतः जयंतीच्या मिरवणुकीत कर्णे बांधता बांधता हा धंदा शिकलेला माणूस; कुणी काय ऐकावं यावर बोलायचा मला काय अधिकार? आण्णांनी मग आपणहून सांगितलं. कारखान्याच्या वसाहतीत शेजारी एक केमिस्ट राहायचे, त्यांच्याकडं रेडिओवर बैठकी ऐकायची गोडी लागली. पण सीझनला मिलचा आवाज डोक्यातून जायचा नाही, आणि सीझन संपला की घरात दहा माणसं. "तीस वरसं गाणं ऐकलं ते भांड्यांच्या आवाजातनं. आता मला त्यातलं सगळं ऐकायचं हाय. काय सोडायचं न्हाई."

मी त्यांचा डबा जीव ओतून केला. तयार झाल्यावर तंबोऱ्याची कॅसेट लावून हेडफोन त्यांच्या कानावर ठेवला. आण्णा स्टुलावर बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी डोळे मिटले आणि दुकानभर ओरडले, कानावर हेडफोन असला की माणसाला आपला आवाज कळत नाही, "आयला कांबळे, तारेवर कोण तर चालतंय रं!" मला इतका आनंद आयुष्यात फार कमी वेळा झाला असेल.

त्यानंतर पाच वर्षं आण्णा महिन्यातून एकदा तरी यायचे. येताना काकवी आणायचे, बसायचे, काय ऐकलं ते सांगायचे. अमक्या ठिकाणी गवई श्वास घेतो, तमक्या ठिकाणी तबलजीची अंगठी तबल्याला लागते. त्या ऐकण्यावर माणूस जगत होता म्हटलं तरी चालेल. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, "सकाळी धार काढून झाली की हे त्या खुर्चीत. जेवायला हाताला धरून उठवावं लागतंय."

मग एकदा त्यांच्या डब्याचा व्हॉल्यूम खरखरायला लागला. नेहमीचं काम, धूळ जाते. मी नवा व्हॉल्यूम घातला आणि तपासायला तंबोरा लावला. मला तो दबलेला वाटला. म्हटलं, पूर्वी हात कच्चा होता, आता आपला कान तयार झालाय, आण्णांना नव्यानं जुळवून देऊ. त्यांना न विचारता तो रेझिस्टन्स बदलला. जवारी छान उजळली. जुना व्हॉल्यूम आणि तो दाणा पुडीत बांधला, पुडी डब्याला चिकटपट्टीनं लावली आणि डबा दिला.

आठ दिवसांत आण्णा परत आले. शनिवार होता, दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं.

"कांबळे, टोचतंय रं. सुई घातल्यागत. अर्धा तास ऐकलं की डोकं उठतंय."

मी हेडफोन लावून बघितलं. उत्तम. पुन्हा बघितलं, उत्तमच.

"मशिनला काही झालेलं नाही आण्णा."

"आरं पर टोचतंय की!"

सगळी बघत होती. माझ्या कानावर कुणी शंका घेतलेली मला खपायची नाही. मी म्हणालो, "आण्णा, तीस वर्षं मिलच्या दातात काढली तुम्ही. कान गेलेत तुमचे. गेलेल्या कानाला असंच टोचतं. ह्याला माझ्याकडं औषध नाही."

आण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणारा माणूस, पण ह्या बाबतीत त्यांनी माझ्यावर पूर्ण विश्वास टाकला होता. मिलवरचे त्यांचे सगळे जोडीदार बहिरे झाले होते, ते त्यांना माहीत होतं. "व्हय बाबा," एवढंच म्हणाले. "तुला कळतंय त्यातलं." हेडफोन टॉवेलात गुंडाळला, डबा काखेत मारला आणि गेले. पुन्हा आले नाहीत. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर चार दिवसच वाटलं. कामं होती.

चार वर्षं गेली. त्या काळात काही गिऱ्हाईकं कुरकुरायची, "जरा कडक वाटतोय." मी म्हणायचो, सवय होईल. राजारामपुरीतल्या एका कानाच्या डॉक्टरांकडून एक दिवस बोलावणं आलं. कान तपासायच्या यंत्राचा हेडफोन बंद पडला होता. वायर तुटली होती. मी जोडून दिली. ते यंत्र चालवणाऱ्या सुनंदाताई म्हणून एक चाळिशीच्या बाई होत्या. त्या एकेक सूर सोडत गेल्या आणि मी हेडफोन लावून बोट वर करत गेलो. खालचे सूर आले, मधले आले, वरचे दोन-तीन आलेच नाहीत.

"ताई, वरचे बंद आहेत. यंत्रातच काहीतरी आहे."

यंत्र उघडलं. दोन दिवस मी त्या दवाखान्यात मांडी घालून बसलो होतो. एकेक जोड तपासला, मीटर लावला. मीटरवर सूर येत होता. यंत्रातून निघतोय आणि हेडफोनमधून ऐकू येत नाही, म्हणजे हेडफोनच गेला. मी डॉक्टरांना जाऊन ठामपणे सांगितलं, "नवा मागवा. वरचं काही वाजत नाही ह्यात." डॉक्टर ऑर्डरचं पत्र लिहायला बसले.

तेवढ्यात सुनंदाताईंनी सहज हेडफोन कानाला लावला आणि बटण दाबलं. "येतोय की ओ काका."

"कुठला?"

"वरचाच. हा काय, स्वच्छ येतोय. दुसऱ्या कानातही येतोय."

मी हेडफोन घेतला. त्यांनी बटण दाबलं. यंत्रावर सूर सुटल्याचा दिवा लागला. मला काही आलं नाही. त्यांनी आणखी मोठा केला. नाहीच. त्या बाईंनी फार समजूतदारपणा केला, हसल्या नाहीत. "बसा काका," म्हणाल्या, "पेशंट नाहीयेत आता. तुमचीच तपासणी करून टाकू."

कागदावर रेघ निघाली. अर्ध्यापर्यंत सरळ आणि तिथून पुढं जोतिबाचा घाट उतरावा तशी खाली.

"मोठ्या आवाजात काम केलंय का कधी?" ताईंनी विचारलं.

पंधराव्या वर्षापासून मी मिरवणुकीत कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहिलोय. अभिमानानं उभा राहिलोय, त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण हाच प्रश्न मी एका माणसाला भर दुकानात विचारला होता, आणि उत्तरही मीच देऊन टाकलं होतं.

"कधीपासून असेल हे?" मी विचारलं.

"सांगता येत नाही काका. हळूहळू जातं. ज्याचं जातं त्याला कळत नाही, त्याला जग नेहमीसारखंच वाटतं."

घरी आलो आणि बायकोला काही न सांगता पडून राहिलो. सगळं उलगडत गेलं. माझा कान वरचं सोडत गेला तसा मला प्रत्येक डबा दबलेला वाटत गेला, आणि मी तो उजळत गेलो. माझ्या बहिऱ्या कानाला बरा वाटेपर्यंत. दुसऱ्यांच्या चांगल्या कानांत मी सुया घालत होतो आणि वर सांगत होतो, सवय होईल. त्यानंतर मी नवा डबा केला नाही. ज्यांचे पत्ते होते त्यांना कार्डं टाकली की मशिन घेऊन या, चूक दुरुस्त करून देतो. तिघं आले; त्यांना अंदाजानंच मवाळ करून दिलं. सोनारानं निरोप दिला, "आता सवय झाली, हात लावू नका." आण्णांना मात्र कार्ड टाकवेना. ते तोंडावर बोललो होतो, तोंडावरच जाऊन सांगायला पाहिजे होतं.

अडचण अशी होती की आण्णांना अंदाज चालणार नव्हता आणि जुना नंबर काय होता ते मला माहीत नव्हतं. वही नाही. कान नाही. आण्णांचा आवाज परत आणायला एकच वस्तू उपयोगाची होती, ती म्हणजे चार वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडं दिलेली पुडी. जी सगळे गटारीत टाकतात. आणि मधल्या काळात शिरोळला पूर येऊन गेला होता.

सोल्डरिंग आयर्न, पक्कड आणि तंबोऱ्याची कॅसेट पिशवीत घालून मी एसटीनं शिरोळला गेलो. आण्णांच्या घराच्या भिंतीवर कमरेच्या वर पाण्याची तपकिरी रेघ होती. आण्णा पुढच्या सोप्यात टीव्हीसमोर बसले होते. वाळले होते. टीव्ही मोठ्यानं चालू होता, पण बघत नव्हते.

"या पावणं," आण्णा म्हणाले. मला पावणं! मग वहिनींना हाक मारली, "च्या ठेव गं, कांबळे मिस्त्री आल्यात."

पूर्वीचं अरे-तुरे जाऊन अहो-जाहो आलं होतं. मी चहाची वाट बघितली नाही. "आण्णा, तुमचे कान चांगले आहेत. माझे गेलेत. डॉक्टरकडं तपासून आलोय. तुम्हाला टोचत होतं ते बरोबर होतं. चुकलं माझं."

आण्णांनी टीव्ही बंद केला. वहिनी दारात उभ्या होत्या, त्याच म्हणाल्या, "तवापासनं कानाला लावलं न्हाई ओ त्यास्नी. आपलं कान गेलं म्हणून माणसांत बी बोलायचं कमी झाल्यात."

"डबा आहे का वहिनी? का पुरात गेला?"

"जातोय कशाचा! पाणी दारात आलं तवा हे भांडी सोडून त्ये घेऊन ट्रॅक्टरवर बसलं. पोत्यात गुंडाळून. मी म्हटलं, ऐकत तर न्हाईसा, कशाला? तर माझ्यावरच वरडलं."

डबा फडताळात होता. वहिनींनी टेप आणि टॉवेलातल्या हेडफोनसकट तो आणून माझ्यासमोर ठेवला. मी उलटा केला. बिडाच्या पट्टीला गंज चढला होता आणि तिच्या शेजारी चिकटपट्टीखाली पुडी होती, पिवळी पडलेली, तशीच्या तशी. पुडी सोडली. खरखरणारा व्हॉल्यूम निघाला आणि कागदाच्या घडीत तो दाणा.

"टाकला नाहीत आण्णा?"

"तू दिलतास. टाकतोय कशाला?"

आयर्न तापवलं, नवा काढला, जुना डागला. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांचं. कॅसेट लावली आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला. आण्णांनी तो लगेच लावला नाही. टोचायची भीती होती त्यांना, एकेकाळच्या एवढ्या धिप्पाड माणसाला. मग एक कान, मग दुसरा.

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. आता तेच माझं मीटर होतं. आण्णांनी डोळे मिटले, भुवया आखडल्या, मग हळूहळू सैल झाल्या.

"टोचतंय?" मी खुणेनं विचारलं.

आण्णांनी मान हलवली. नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलं नाही. थोड्या वेळानं हेडफोन काढून माझ्यापुढं धरला. "ऐक. तू ऐक."

मी लावला. तंबोरा वाजत होता. मला तो गोधडीखाली घातल्यासारखा वाटला. "छान आहे," मी म्हणालो.

"खोटं बोलू नगंस. काय ऐकू येतंय सांग."

"तार ऐकू येतीय आण्णा. वरचं काय येत न्हाई."

"ते चालतंय ते?"

"न्हाई."

आण्णांनी हेडफोन काढून घेतला, पुन्हा लावला, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगायला लागले. "हां, आता पयली तार. झणकार निघाला. हळूहळू वर चाललाय... आता गेला. दुसरी तार..." पाच-सहा वेळा सांगितलं. मग मध्येच थांबले. एक कान मोकळा केला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "कांबळे, हे चार वरसं हितंच हुतं व्हय रं? माझ्याच फडताळात?"

"व्हय आण्णा. हितंच हुतं. मीच अडवलंतं."

आण्णांनी कान पुन्हा झाकला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. वहिनींनी चहा आणला तो त्यांच्याजवळ तसाच राहिला. मला उठायचं होतं, पण आयर्न अजून तापलेलं होतं, पिशवीत घालता येत नव्हतं. ते गार होईपर्यंत मी तिथंच बसून राहिलो.